आयएनआरचा बागुलबुवा

“आयएनआर वाढलाय, म्हणजे रक्त पातळ झालंय.” ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसा, हे वाक्य कानी पडेल. सिरॉसिसच्या रुग्णाबाबत ते अर्धवट आहे. आणि अर्धवट ज्ञान किती महागात पडते, हे आम्हा मास्तर मंडळींना कोणी सांगायला नको.

रक्त गोठवणारी बहुतेक द्रव्ये यकृतात बनतात, हे खरे. पण गोठण्याला लगाम घालणारी प्रोटीन सी, अँटिथ्रॉम्बिन ही द्रव्येही तिथेच बनतात. यकृत थकले की दोन्ही पारडी हलकी होतात. प्रोथ्रॉम्बिन टाइम आणि त्यावरून काढलेला आयएनआर मात्र पहिलेच पारडे मोजतो!

मुळात आयएनआर आला १९८३ च्या सुमारास, वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निकाल जुळावेत, हा हेतू. यकृताच्या आजारात ते नीट जुळत नाहीत. तेव्हा ठाण्याचा रिपोर्ट नि डोंबिवलीचा रिपोर्ट वेगळा आला, म्हणजे आजार बळावलाच असे नव्हे. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली नाही, तरीही आकडा खोटाच वाढतो.

आता मुद्द्याचे. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या पोटातले पाणी काढायचे होते. आयएनआर वाढलेला, म्हणून “आधी प्लाझ्मा आणा.” दोन दिवस मुलगा रक्तपेढ्या पालथ्या घालत होता. कशासाठी? नुसत्या आकड्यापायी असा प्लाझ्मा देऊ नये, हे अमेरिकन यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्येच लिहून ठेवले, युरोपातल्यांनी २०२२ मध्ये बजावले. प्लाझ्माने शरीरातले द्रव वाढते, यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, म्हणजे फायदा राहिला बाजूला! उलट आयएनआर वाढलेला असतानाही त्याच शिरेत गुठळी होऊ शकते.

चाचणी फेकून द्या, असे मी म्हणत नाही. यकृत किती थकलेय ते ती सांगते, प्रत्यारोपणासाठीच्या मेल्ड गुणांकातही ती धरतात. तिच्याकडून भविष्य वदवून घेऊ नका, इतकेच.

आपली गणेश मंडळे रक्तदान शिबिरे भरवतात. ते रक्त कागदावरचा आकडा साजरा दिसावा म्हणून कोणी देत नाही. तेव्हा डॉक्टरांना नम्रपणे, पण जरूर विचारा : “प्लाझ्मा रुग्णासाठी, की रिपोर्टसाठी?”