पासपोर्ट नसलेले बाळ आणि रांगेची शिस्त

‘अर्ज टाका आणि विसरून जा.’ परदेशात जन्मलेल्या मुलाच्या कॅनेडियन नागरिकत्व-प्रमाणपत्राचा विषय निघाला की इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या जेवणात हा सल्ला हमखास कानावर येतो. देणारा अनुभवी असतो, त्याचे काम कधीतरी झालेले असते, आणि हेतू तर चांगलाच असतो. तरीही हा सल्ला मला चुकीचा वाटतो. काही घरांच्या बाबतीत तो घातकही आहे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. कॅनडात येऊन नागरिकत्व घेतलेल्या आईचे किंवा वडिलांचे मूल नंतर पुण्यात, दुबईत किंवा सिंगापूरला जन्मले, तर ते जन्मल्या क्षणापासून कॅनेडियन असते. त्याला परीक्षा नाही, शपथविधी नाही, कुणा अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. ७५ डॉलर भरून आपण मागतो ते एवढेच, की जे आहे ते लिहून द्या. नोव्हा स्कोशियातल्या सिडनी गावी हे अर्ज तपासणाऱ्या केंद्रात फाइल पडून राहते तेव्हा अडलेला असतो तो कागद. नागरिकत्व आधीपासून असतेच. हे वकिली बोलणे वाटेल, पण माणूस कसा वागतो ते यावरच ठरते. मेहेरबानीची वाट पाहणारा दबक्या आवाजात बोलतो. ज्याचा हक्काचा कागद अडला आहे तो तारीख विचारतो.

आता ज्या घरांसाठी हा लेख लिहिला त्यांच्याकडे येतो. नवराबायको दोघेही कॅनेडियन, दोघांकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. सासऱ्यांचे आजारपण म्हणून, किंवा दोन वर्षांचे काम मिळाले म्हणून, किंवा पहिले बाळंतपण माहेरी व्हावे म्हणून मंडळी पुण्याला गेली आणि बाळ तिथे जन्मले. आजीआजोबांना आनंद झाला, बारसे झाले, आणि मग लक्षात आले की या बाळाला कुठलाच पासपोर्ट नाही. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेले मूल भारतीय ठरायला आईवडिलांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक असावा लागतो, आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यामुळे भारतीय पासपोर्ट मिळत नाही. कॅनेडियन पासपोर्टासाठी आधी नागरिकत्वाचे प्रमाणपत्र हवे. पासपोर्टच नाही, तर व्हिसा उमटवायचा कशावर? शिवाय कॅनडा आपल्याच नागरिकाला व्हिसा देत नाही. पासपोर्ट हाती आला की भारतातून बाहेर पडण्याच्या परवानगीसाठी परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाचे दार वेगळे ठोठावावे लागते. तोवर बाळंतिणीची रजा संपत येते, मिसिसागातल्या घराचे हप्ते चालू असतात, आणि नवरा एकटा परत जातो.

आईवडिलांपैकी एक जण अजून भारतीय असेल तर थोडा दिलासा आहे. बाळाला भारतीय पासपोर्ट मिळू शकतो. पण कॅनडाच्या विमानात बसायला तो पुरत नाही, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने पुढे कॅनेडियन पासपोर्ट घेताना आधीचा सोडावा लागतो. घाईत घेतलेला एक कागद नंतर दोन कचेऱ्यांच्या खेपा मागतो. कोणता पासपोर्ट हवा, हे बाळंतपणाआधी ठरवलेले बरे.

‘पण आपण रांगेत आहोत ना? रांग सगळ्यांना सारखीच,’ असे म्हणणारे असतात. ती रांग कशी वाढली ते पाहण्यासारखे आहे. एप्रिल २००९ मध्ये कॅनडाने वारशाने मिळणाऱ्या नागरिकत्वावर एका पिढीची मर्यादा घातली. परदेशात जन्मलेल्या कॅनेडियनाचे मूलही परदेशात जन्मले, तर ते नागरिक ठरेना. १९ डिसेंबर २०२३ रोजी ऑन्टॅरियोच्या सुपीरियर कोर्टात न्यायमूर्ती जस्मिन अकबरअली यांनी ब्योर्कक्विस्ट खटल्यात ही मर्यादा घटनाबाह्य ठरवली. सरकारने अपील केले नाही. मात्र कायदा दुरुस्त करायला मुदतीमागून मुदत मागून घेतली. एक विधेयक संसद स्थगित झाल्यामुळे बारगळले. दुसरे, सी-३, संमत झाले आणि १५ डिसेंबर २०२५ पासून लागू झाले. त्या तारखेपूर्वी जन्मलेल्या, केवळ पिढीच्या मर्यादेमुळे वगळल्या गेलेल्या मुलानातवंडांना, पणतवंडांनाही नागरिकत्व मिळाले.

निकाल योग्य होता, कायदाही योग्य आहे. पण त्याने दार केवढे उघडले याचा अंदाज घ्या. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन क्युबेक सोडून अमेरिकेत गेले. त्यांतले बरेच जण न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामाला लागले. (कोकणातून गिरणगावात आलेल्यांच्या नातवंडांना हे स्थलांतर ओळखीचे वाटावे.) त्यांचे वंशज आज मेनमध्ये आणि मॅसॅच्युसेट्समध्ये आहेत, अमेरिकेचा पासपोर्ट त्यांच्या खिशात आहे, आणि असावा म्हणून ते कॅनेडियन प्रमाणपत्र मागत आहेत. मागोत, तो त्यांचा हक्क आहे. पण पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद जोडणारा मेनचा साठीतला गृहस्थ आणि पुण्यातले चार महिन्यांचे बाळ यांच्या फाइली एकाच ढिगात, आलेल्या तारखेच्या क्रमाने उघडायच्या, हे मला न्यायाचे वाटत नाही. एकाला उशीर झाला तर गैरसोय होते. दुसऱ्याचे घर दोन देशांत विभागले जाते.

तातडीची सोय आहे, ती नाही असे नाही. नोकरी, पेन्शन, आरोग्यसेवा, सोशल इन्शुरन्स नंबर, कुटुंबातला मृत्यू किंवा गंभीर आजारपण यांसारखी कारणे पुराव्यासह मांडली तर अर्ज पुढे घेतला जाऊ शकतो. मात्र कारण आपण लिहायचे, पुरावा आपण जोडायचा, आणि तरीही हमी नाही. ज्याच्या अर्जावर वय चार महिने आणि पासपोर्टच्या रकान्यात काहीच नाही, त्याची फाइल आपणहून वर काढणारी व्यवस्था नाही. माझ्या मते असायला हवी. तोवर जी सोय आहे ती वापरायला हवी, आणि आपल्यातले कितीतरी लोक ती वापरत नाहीत.

का वापरत नाहीत? माझा तर्क असा, की आपल्याला त्यात वशिल्याचा वास येतो. भारतात ओळख काढून कामे झालेली आपण पाहिली, काहींनी करूनही घेतली, आणि इथे आल्यावर ‘या देशात सगळे नियमाने होते’ या भावनेने आपण सुखावलो. त्यामुळे खासदाराच्या कार्यालयात जाणे म्हणजे जुन्या सवयीकडे परत जाणे, असे चांगल्या माणसांना वाटते. ही समजूत उलटी आहे. इथल्या खासदाराच्या मतदारसंघातल्या कार्यालयाचे रोजचे मोठे काम म्हणजे इमिग्रेशन आणि नागरिकत्वाच्या अडलेल्या फाइलींची चौकशी. त्यासाठी पगारी माणूस बसलेला असतो. तुम्ही कुणाला मत दिलेत ते तो विचारत नाही, संमतीपत्रावर तुमची सही घेतो आणि इमिग्रेशन-नागरिकत्व खात्याकडे विचारणा करतो. तो निर्णय बदलू शकत नाही. फाइल कुठे आहे आणि काय अडले आहे ते बहुधा सांगू शकतो. आजी-आजोबा, काका, मामा यांच्यापैकी कुणी कॅनडात असेल, तर त्यांनीही आपल्या खासदाराकडे जावे.

दुसरा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. भारतातल्या कायद्यामुळे तो आपल्याला ओळखीचा आहे. पाच डॉलर भरून फाइलवरच्या अंतर्गत नोंदी मागवता येतात. उत्तराची कायदेशीर मुदत तीस दिवसांची आहे, ती कधी वाढवतात. या नोंदी वाचल्यावर निदान एवढे कळते की फाइल अधिकाऱ्यासमोर गेली आहे, कुठल्या कागदासाठी थांबली आहे, की कुणी उघडलेलीच नाही. या तिन्ही अवस्थांवर उपाय वेगवेगळे आहेत. ते न कळता दर आठवड्याला खात्याच्या संकेतस्थळावर चौकशीचा तोच वेबफॉर्म भरणे, किंवा घाबरून दुसरा अर्ज टाकणे, यातून गोंधळाखेरीज काही निघत नाही.

इथवर सरकारला बोललो. आता आपल्याकडचे. उशिराचा एक भाग सिडनीत होतो, एक पुण्यात आणि एक आपल्या जेवणाच्या टेबलावर. अर्ज अपुरा असेल तर खाते तो परत पाठवते, आणि दुरुस्त करून धाडलेला अर्ज पुन्हा शेवटी लागतो. आपल्या कागदांत चुकायला जागा भरपूर. रुग्णालयातून जन्माची नोंद जाते तेव्हा बारसे झालेले नसते. दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा रिकामी राहते आणि तसाच दाखला लोक जोडतात. भारतीय कायद्याप्रमाणे पहिल्या बारा महिन्यांत नाव विनाशुल्क नोंदवता येते, नंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात एक चक्कर मारायची, एवढेच काम असते. मग आईचे नाव. तिच्या कॅनेडियन प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव, जन्मदाखल्यावर सासरचे, आणि मधले नाव एका ठिकाणी वडिलांचे, दुसऱ्या ठिकाणी नवऱ्याचे. आपल्याला यात काहीच खटकत नाही. सिडनीच्या टेबलावर बसलेल्याला मात्र त्या तीन वेगळ्या बायका वाटू शकतात, आणि त्यात त्याचा दोष नाही. विवाहाचा दाखला आणि ही नावे कशी बदलतात ते सांगणारे साधे पत्र सुरुवातीलाच जोडावे. दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर हवे, आणि ते घरच्यांनी केलेले चालत नाही, मग मावशी कितीही उत्तम इंग्रजी शिकवत असोत.

एक गैरसमज इथेच खोडून काढतो, कारण त्यापायी लोक नको ते कागद गोळा करत बसतात. नव्या कायद्यातली १,०९५ दिवसांच्या कॅनडातल्या वास्तव्याची अट सगळ्यांना नाही. आई किंवा वडील स्वतः इमिग्रंट म्हणून येऊन नागरिक झाले असतील, तर त्यांच्या मुलासाठी ती लागत नाही. जे पालक स्वतः परदेशात जन्मून वारशाने कॅनेडियन आहेत, आणि ज्यांचे मूल १५ डिसेंबर २०२५ पासून पुढे परदेशातच जन्मते, त्यांनी मुलाच्या जन्माआधी तेवढे दिवस इथे काढल्याचे दाखवायचे आहे. म्हणजे मस्कतला जन्मलेली, वारशाने कॅनेडियन असलेली आणि ब्रॅम्प्टनच्या शाळेत वाढलेली तुमची मुलगी उद्या बंगळुरूला बाळंत झाली, तर तिच्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकाला किंमत येईल. बेसमेंट आवरताना ती खोकी फेकू नका.

सगळे करूनही काही हलले नाही तर फेडरल कोर्ट आहे. खात्याने निर्णय द्यावा, असा आदेश तिथे मागता येतो. उशीर अवाजवी केव्हा म्हणायचा याची कसोटी कोनील खटल्यात घालून दिलेली आहे: अशा कामाला सहसा लागतो त्याहून जास्त वेळ गेला आहे का, उशिराला अर्जदार जबाबदार नाही ना, आणि खात्याकडे पटण्यासारखे कारण आहे का. यातला दुसरा मुद्दा वाचल्यावर रिकाम्या नावाचा दाखला आणि विनाखुलाशाचे आडनाव किती महाग पडू शकते ते कळते. वकील करणे खर्चिक आहे, म्हणून ही पायरी शेवटची. ‘आमची आत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला मात्र एक डॉलरही देऊ नये. पैसे घेऊन काम करायचे तर तो वकील किंवा परवानाधारक सल्लागार हवा, आणि परवाना तपासायला दोन मिनिटे पुरतात.

सगळ्यांनी तातडी मागितली तर तातडीला काय अर्थ उरेल, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. शिकागोत अमेरिकी पासपोर्टावर सुखाने राहणाऱ्या आपल्या भाच्याने तातडीचा अर्ज करू नये. थांबण्याने त्याचे काही बिघडत नाही. सप्टेंबरमध्ये विद्यापीठात जाणाऱ्या आणि प्रमाणपत्राअभावी परदेशी विद्यार्थ्याची कित्येक पट फी भरावी लागणाऱ्या मुलीने करावा, फीचे पत्र जोडून. ज्या बाळाला कुठलाच पासपोर्ट नाही त्याच्या आईवडिलांनी तर अर्जाच्या पाकिटातच करावा, आणि मर्यादित मुदतीचा प्रवासाचा कागद मिळेल का हेही वकिलातीला लेखी विचारावे. फोनवरचे ‘नाही’ कुठेच नोंदले जात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्ही सरकारांच्या भांडणात कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परतले आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासातली प्रत्यक्ष सेवा थांबली, तेव्हा मुंबईकडच्यांना आधार उरला तो कॅनडाच्या दिल्लीतल्या वकिलातीचा; अशा वेळी लेखी उत्तर हाती असलेले बरे. अशी वेळ पुन्हा येणारच नाही असे कोण सांगणार?

मंडळाने यात काय करावे? एजंटगिरी करू नये, फॉर्म भरून देण्याची जबाबदारी घेऊ नये. पण ओटावात नागरिकत्व आणि इमिग्रेशनची संसदीय स्थायी समिती आहे, आणि तिला संस्था निवेदन देऊ शकतात. आपल्या निवेदनात एकच मागणी असावी: अर्जदार अज्ञान असेल आणि त्याच्याकडे कोणत्याही देशाचा पासपोर्ट नसेल, तर त्याची फाइल आपोआप वेगळ्या रांगेत जावी. पंजाबी, गुजराती, फिलिपिनो मंडळींच्या घरांतही अशी बाळे असणार. त्यांच्या संस्थांना बरोबर घेता येईल. कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी जन्मतारीख, अर्जाची तारीख, पोच मिळाल्याची तारीख आणि सध्या मूल कुठे आहे, एवढे चार तपशील नावाशिवाय चिटणिसांकडे द्यावेत. हकिगत लिहिली नाही तरी चालेल.