यादी कोणी केली, हे कुणीच विचारत नाही

'ग्रीनलंड' हा सिनेमा पाहून आपल्या चळवळीतली पोरंही 'शेवटी कुटुंबच सगळं असतं' असे स्टेटस ठेवू लागली, तेव्हा यावर लिहिणं भाग पडलं. 2020 चा हा हॉलिवूडपट, दिग्दर्शक रिक रोमन वॉ, नायक जेरार्ड बटलर. पृथ्वीवर धूमकेतूचे तुकडे आदळणार आहेत. अमेरिकन सरकारने गुप्तपणे निवडक लोकांची यादी केली आहे आणि फक्त त्यांनाच बंकरमध्ये नेलं जाणार आहे. नायक जॉन गॅरिटी इमारतींचा इंजिनिअर, म्हणून त्याचं नाव यादीत. शेजाऱ्यांचं नाही. बायको आणि लहान मुलाला घेऊन तो कसा वाचतो, एवढीच गोष्ट. थरार उत्तम आहे, हे मान्य. प्रश्न या थरारात आपल्याला काय पाजलं जातं, हा आहे.

सुरुवातीचा एक प्रसंग पुन्हा पाहा. गॅरिटी कुटुंब गाडीत बसून निघालंय. शेजारीण धावत येते, आमचं जाऊ द्या, निदान माझ्या मुलीला तरी न्या, म्हणून विनवते. ते नेत नाहीत. कारण काय, तर तिचं नाव यादीत नाही, तिला आत घेणारच नाहीत. प्रेक्षकालाही हायसं वाटतं. नायक वाईट नाही, नियमच तसा आहे. पुढे लष्करी तळावर कळतं की स्वतःच्या मुलाला मधुमेह आहे आणि जुनाट आजाराच्या माणसाला बंकरमध्ये जागा नाही. आता तोच नियम अमानुष ठरतो. जॉन देश ओलांडून कॅनडात जातो, धावपट्टीवर गाडी आडवी घालून भरलेल्या विमानात जागा मिळवतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. शेजारच्या पोरीसाठी जो नियम दगडावरची रेघ होता, तो स्वतःच्या पोरासाठी पाण्यावरची रेघ झाला. याला प्रेम म्हणायचं, की हितसंबंध?

वाटेत एक जोडपं मायलेकांना गाडीत घेतं, मग आईला खाली ढकलून मुलाला आणि मनगटावरच्या पट्ट्यांना पळवतं. सिनेमा त्यांना खलनायक ठरवतो. पण तेही 'माझं माणूस वाचलं पाहिजे' एवढंच म्हणत होते. तर्क तोच, फक्त कॅमेरा त्यांच्या बाजूला नाही. ग्रीनलंडला जाणाऱ्या विमानांची माहिती जॉनला ट्रकमधल्या ज्या काळ्या तरुणाकडून मिळते, तो तरुण वाटेतच मरतो. माहिती कामाला येते, माणूस मागे पडतो. हॉलिवूडचं हे जुनंच आहे.

दोन तासांत एकही पात्र विचारत नाही, की यादी कोणी केली? कोणत्या निकषावर? सगळ्यांची धडपड आपलं नाव त्यात घुसवण्याची. 'उपयुक्त' माणूस कोण, हे वर बसलेल्यांनी ठरवलं आणि खालच्यांनी ते मुकाट्याने गुणवत्ता म्हणून स्वीकारलं. हे आपल्याला अनोळखी आहे का? 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना मदत छावण्यांमध्येही वेगळं काढलं गेलं. हा सिनेमा आला त्याच वर्षी, 8 मे रोजी, औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते गावी, आपल्या कुटुंबाकडेच निघाले होते. त्यांच्या कुटुंबप्रेमावर सिनेमा निघत नाही, कारण ते कुठल्याच यादीत नव्हते.

कुणी म्हणेल, अत्याचार झाला की आपल्या माणसाला आधी घरचेच उभे राहतात, मग कुटुंबावर टीका कशाला? घर हा आपला आसरा आहेच. पण 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचं मर्म सजातीय विवाहात दाखवलं. म्हणजे जात टिकते ती घरातून, लग्नातून, 'आपल्या माणसां'मधून. समाजशास्त्रात एम.ए. करताना हे शिकले, पण खरं समजलं ते वधू-वर मेळाव्यांत काम करताना. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातले लोकही हळूच विचारतात, 'पूर्वाश्रमीचे कोण?' ही आपली मनगटावरची पट्टी. ती तपासणारा शिपाईसुद्धा आपणच.

याउलट 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधला सिद्धार्थ आठवा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांचा संघ कोलियांशी युद्ध पुकारतो, सिद्धार्थ विरोध करतो. विरोध केल्यास घरच्यांवर सामाजिक बहिष्कार येणार, जमीन जप्त होणार, असा पेच टाकला जातो. त्याचं कुटुंबावर प्रेम नव्हतं असं नाही. त्यांना झळ बसू नये म्हणून तर तो स्वतः परिव्रज्या पत्करतो. पण घर वाचवायचं म्हणून कोलियांच्या कत्तलीला हात वर करत नाही. शेजारणीची मुलगी त्याने गाडीबाहेर ठेवली नसती.

आणि ज्या ग्रीनलंडमध्ये हे निवडक लोक सुखरूप उतरतात, ती जमीन कुणाची? तिथे अमेरिकेचा लष्करी तळ खरोखरच आहे, 2023 पर्यंत त्याचं नाव थुले होतं. 1953 मध्ये त्याच्या विस्तारासाठी तिथल्या इनुघुइट आदिवासींची शंभरहून अधिक माणसं, लेकराबाळांसह, मोजक्या दिवसांच्या मुदतीत उठवून शंभरेक किलोमीटर उत्तरेला कानाक इथे हलवली गेली. त्यांनी न्यायालयात लढा दिला. 1999 मध्ये नुकसानभरपाई मिळाली, 2003 मध्ये डेन्मार्कच्या सर्वोच्च न्यायालयाने जमिनीवर परतण्याचा हक्क नाकारला. तीही कुटुंबंच होती. सिनेमात ती कुठेच दिसत नाहीत.