घरच्या संगणकावर सत्ता कोणाची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचीही मुदत संपली. मध्यमवर्गीय घरांतील कित्येक सुस्थितीतील संगणक त्यामुळे अकाली वृद्ध ठरले. मुलांचे शालेय प्रकल्प, घरखर्चाचा हिशेब, आजोबांनी टंकित करून ठेवलेल्या आठवणी ज्या आज्ञावलीत लिहिल्या, ती पुन्हा विकत घ्यावी, दरवर्षी भाडे भरत राहावे, की वेगळी वाट धरावी, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा नाही.

प्रथम संस्काराविषयी, कारण त्याबद्दल आपण सोयीस्कर मौन पाळतो. संगणक जोडून देणारा दुकानदार ‘सगळे टाकून देतो’ म्हणतो आणि आपण समाधानाने मान डोलावतो. त्या ‘सगळ्या’त बहुधा चोरीच्या प्रती असतात. पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांत अस्तेय तिसरे आहे. मुलाला संस्कारवर्गाला धाडावे आणि त्याचा गृहपाठ मात्र चोरीच्या आज्ञावलीत करवून घ्यावा, ही विसंगती मुलांच्या लक्षात येत नाही असे मानणे भाबडेपणाचे होय. शिवाय कुलूप फोडणाऱ्या या फुकट किल्ल्यांबरोबरच विषाणू घरात शिरतात.

दुसरा मुद्दा परावलंबनाचा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टने गुजरातेत वाडिनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा बंद केल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि मग त्या पूर्ववत झाल्या. नायरामध्ये रशियन भांडवल आहे हे खरे. तथापि भारताच्या कायद्याने कोणतीही बंदी नसताना, पैसे भरलेल्या भारतीय ग्राहकाची दप्तरे परदेशातील निर्णयाने अडकून पडतात, एवढे त्यातून निर्विवाद दिसले. दत्तोपंत ठेंगडींनी १९९१ साली स्वदेशी जागरण मंचाची स्थापना केली, तेव्हा हा धोका साबण आणि शीतपेयांच्या रूपात दिसत होता. आज तो आपल्या लेखणीपर्यंत आला आहे.

मग पर्याय कोणता? आपल्या अनेक कार्यकर्त्यांचे उत्तर तयार असते : झोहो. श्रीधर वेंबू यांनी तमिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात राहून ही कंपनी वाढविली, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहोचा कार्यालयीन संच वापरण्यास सांगितले, हेही स्वागतार्हच. चार विद्यार्थ्यांनी मिळून एक प्रकल्प लिहायचा असेल तर झोहो रायटर खुशाल वापरावे. परंतु त्यातील लेखन मुख्यतः कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि आज्ञावलीचा गाभा बंदिस्त असतो. मालक स्वदेशी असला तरी किल्ली मालकापाशीच!

म्हणून घरच्या यंत्रावर लिब्रेऑफिस असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळ्या झालेल्या या संचाचे विश्वस्त मंडळ बर्लिनमध्ये आहे. त्या अर्थाने तो स्वदेशी नव्हे. पण त्याची मूळ संहिता खुली आहे, ती भारतीय अभियंत्यालाही तपासता, बदलता, वाटता येते, आणि उद्या कोणी रागावले म्हणून घरातील प्रत बंद पडत नाही. इंटरनेटवाचून तो चालतो, शुल्क नाही, मराठीतही मिळतो. जर्मनीतील श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले सुमारे ३० हजार शासकीय संगणक त्यावर नेण्याचे ठरविले. केरळच्या शासकीय शाळांनी तर मुक्त आज्ञावलींची वाट बरीच आधी धरली. तेथील डाव्यांशी आपले मतभेद जगजाहीर आहेत, पण चांगले काम विरोधकाचे असले तरी उचलावे.

लिब्रेऑफिसचा ओडीएफ हा धारिका-प्रकार २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. पुढे मायक्रोसॉफ्टचा प्रकारही मानक व्हावा म्हणून मतदान झाले, तेव्हा २००७ मध्ये भारताने विरोधी मत दिले, २००८ मध्ये ते कायम ठेवले आणि निर्णयाविरुद्ध अपीलही केले. ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला सोबत होते. अपील फेटाळले गेले. आपल्याकडील किती पालकांना हा इतिहास ठाऊक आहे?

अडचण शाळेची येते. शिक्षक ‘वर्डमध्येच आणा’ म्हणतात. एमएस-सीआयटीपासून आपल्या हातांना तीच सवय लागली आहे. लिब्रेऑफिसमधून डॉकएक्स प्रकारात साठवता येते, पण गुंतागुंतीची मांडणी कधी कधी विस्कटते. तयार प्रकल्प पीडीएफ करून द्यावा, म्हणजे तक्रार उरत नाही. पालकसभेत मुख्याध्यापकांना विनंती करण्यासही हरकत नसावी.

आणि मराठी युनिकोडमध्येच लिहावे. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या टंकांत लिहिलेले लेखन तो टंक नसलेल्या संगणकावर उघडले की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. संस्थांचे अहवाल, स्मरणिका, घरातील पत्रे अशा रीतीने मुकी होत आहेत. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. ज्यांच्याकडे असे लेखन आहे, त्यांनी जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी, त्यावरील टंक चालू असतानाच हे काम उरकावे. रूपांतरित मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहण्याची सोय नंतर राहत नाही.