परळची प्रयोगशाळा आणि वालाचे शेत

परळची हाफकिन संस्था ज्या इमारतीत आहे, ती एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. १८९९ साली तेथे प्लेगची प्रयोगशाळा आली आणि १९२५ साली वाल्डेमार हाफकिन यांचे नाव तिला देण्यात आले. मुंबईत प्लेगचा पहिला सुगावा १८९६ साली लागला तो मांडवीत, म्हणजे धान्याच्या वखारींच्या वस्तीत. आणि उंदीर, पिसू व माणूस यांचा या रोगातील संबंध पुढे परळच्याच प्रयोगांतून पक्का झाला. धान्य कोठे व कसे साठविले जाते, या प्रश्नापासून शहराचे आरोग्य तोडता येत नाही, हा धडा शेतकी खात्याच्या आधी डॉक्टरांनी गिरविला, हे मान्य केले पाहिजे. मात्र वखारीपर्यंत आलेला हा शोध शेताच्या बांधापर्यंत क्वचितच पोचला. आज सार्वजनिक आरोग्य, अन्नव्यवस्था व लोककल्याण या विषयांत पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या मुंबईत वाढत असताना या उणिवेचा विचार होणे अगत्याचे आहे.

परळमध्येच घडलेले एक उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. १९२८ साली डॉ. लूसी विल्स या ब्रिटिश वैद्यक संशोधिका गरोदरपणातील रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईस आल्या. त्यांना बोलावून घेण्यात डॉ. मार्गारेट बॅल्फोर यांचा पुढाकार होता. केंब्रिजमध्ये विल्स यांनी प्रथम वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला होता. वैद्यकाकडे त्या नंतर वळल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होई. त्यात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत, आणि लोहाच्या औषधाने हा रोग हटत नसे. विल्स यांनी आधी जंतूंचा संशय घेऊन तपास केला. तो संशय टिकला नाही. तेव्हा त्या रुग्ण स्त्रियांच्या राहणीकडे व ताटाकडे वळल्या. कोण काय खाते, भाजी किती, फळ किती, दूध कितीदा, याची विचारपूस त्यांनी केली. ज्यांचे ताट सर्वांत कोरडे, त्यांच्यात रोग अधिक, असे आढळले. पुढे कुन्नूर येथे उंदरांवर व माकडांवर त्यांनी आहाराचे प्रयोग केले आणि अखेर यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रजांच्या न्याहारीत पावाला लावला जाणारा मार्माइट, दिला असता रक्त भरून येते, असे दाखवून दिले. १९३१ साली हा निष्कर्ष ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अर्कातील तो गुणकारी पदार्थ कोणता, हे त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते. म्हणून त्याला ‘विल्स घटक’ हेच नाव पडले. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सास येथे सुमारे चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पानाला लॅटिन भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्यास फॉलिक आम्ल म्हटले गेले. १९४५ साली येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील संशोधकांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज गरोदर स्त्रीस सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर जी गोळी मिळते, तिची वंशावळ अशी गिरणगावापर्यंत मागे जाते. लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या किती जणांना हे माहीत असेल?

गोळी घेतलीच पाहिजे, याविषयी वाद नाही. गर्भाच्या मज्जारज्जूचे व्यंग टाळण्यास फॉलिक आम्ल किती उपयोगी पडते, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले आहे. परंतु विल्स यांनी ज्या प्रश्नापासून सुरुवात केली, तो गोळी मिळाल्यावर मागे पडला. पालकाच्या पानातून निघालेले द्रव्य बाटलीत बंद झाले आणि पान ताटात का नव्हते, हे विचारण्याचे राहून गेले. ते पान कोणत्या भावाने विकले जात होते, कोणत्या शेतातून येत होते, दुपारपर्यंत त्याचे काय होत होते, याचा शोध घेणे डॉक्टरांना आपले काम वाटले नाही आणि शेतकी पदवीधरांनाही वाटले नाही.

परिणाम समोर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. हा सर्व रक्तक्षय विल्स यांनी पाहिलेल्या प्रकारचा नव्हे; लोहाची उणीव हे त्याचे मोठे कारण आहे. तरीही ज्या राज्यात भाजीपाला, कडधान्ये व बाजरी एवढी पिकते, त्या राज्याच्या शेतकी यंत्रणेने हा आकडा केवळ आरोग्य खात्याचा म्हणून बाजूस सारावा, हे शोभत नाही.

अन्न आणि शेत यांना एकत्र पाहणारी दृष्टी मुंबईत कधी नव्हतीच, असे मात्र नाही. गिरगावापासून पायी जाता येईल अशा अंतरावर विज्ञान संस्था आहे. तेथील जीवरसायनशास्त्र विभागात १९४९ साली डॉ. कमला सोहोनी आल्या. केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून आलेल्या या विदुषीने आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना परदेशी विषय दिले नाहीत. कडधान्ये आणि नीरा यांसारखे, गरिबाच्या घरात व रानात सापडणारे पदार्थ दिले. नीरेतील पोषक द्रव्ये ताडगुळातही टिकून राहतात, हे त्यांनी दाखविले आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना त्याचा लाभ होतो, असे प्रतिपादन केले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. ताड-माडाची झाडे पालघर-डहाणूच्या पट्ट्यात आजही उभी आहेत.

त्याहून अधिक मनन करण्याजोगे काम वालावरचे होय. वालाच्या दाण्यात प्रथिने भरपूर. परंतु शरीरात प्रथिने पचविणारा जो ट्रिप्सिन नावाचा पाचक रस आहे, त्यास अडविणारा पदार्थही त्याच दाण्यात असतो. सोहोनी व त्यांचे सहकारी यांनी हा अवरोधक पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला आणि १९५५ साली ‘नेचर’ या जगन्मान्य नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध झाली. हा अवरोधक बहुतांशी उष्णतेने निकामी होतो. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा आणि मऊ शिजवून बिरडे करायचे, ही गिरगाव-दादरच्या घरांतील खटाटोपाची रीत निव्वळ जिभेच्या चोचल्यासाठी नाही, असे यावरून म्हणता येते. मोड आणल्याने कडधान्यातील फॉलिक आम्लाचे प्रमाणही वाढते. आजीच्या रीतीला प्रयोगशाळेची साक्ष मिळणे ही नेहमी घडणारी गोष्ट नव्हे. येथे ती घडली आहे.

आणि हा वाल येतो कोठून? रायगड जिल्ह्यात भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर तो वाढतो. पाणी द्यावे लागत नाही, खताचा खर्च नाममात्र, आणि मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देऊन जातात ते वेगळेच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाणही दिले आहेत. वाण निवडताना उत्पादन पाहिले जाते, रोगप्रतिकार पाहिला जातो, पक्वतेचे दिवस मोजले जातात. तो वाण शिजविल्यावर किती पचतो, त्यात लोह किती उरते, मोड चांगले येतात की नाही, हे तपासण्याची शिस्त मात्र अद्याप नित्याची झालेली नाही. उलट बाजूने पाहिले तर मुंबईत आहारशास्त्राचा प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी बाजारातून ‘वाल’ म्हणून जे आणते, ते कोणत्या वाणाचे, कोणत्या जमिनीतले, किती महिने साठविलेले, हे तिला सांगणारा कोणी नसतो. एकाच दाण्याचा दोन टोकांकडून अभ्यास चालतो आणि ती टोके एकमेकांस भेटत नाहीत.

ती भेटली की काय होते, याचाही दाखला आहे. बाजरीच्या जुन्या वाणातून निवड करून लोहाचे प्रमाण अधिक असलेला ‘धनशक्ती’ हा वाण राहुरीचे कृषी विद्यापीठ व हैदराबादजवळील इक्रिसॅट यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या हाती आला. पुढे मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील आहारशास्त्रज्ञ आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधक यांनी मिळून महाराष्ट्रातील निवासी शाळांतील १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने लोहयुक्त बाजरीची भाकरी व शेव दिली. ज्या मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा घटलेला होता, त्यांचा साठा साध्या बाजरीच्या तुलनेत अधिक प्रमाणात भरून आला. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. येथे बियाणे, भाकरी आणि रक्त ही एका साखळीत तपासली गेली, म्हणूनच निष्कर्षाला वजन आले.

अर्थात सर्वच प्रयोग असे सरळ यश देत नाहीत आणि तरुण संशोधकांनी तशी अपेक्षाही ठेवू नये. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात साडेसहा हजार स्त्रियांना सामावून घेणारी एक चाचणी झाली. काही स्त्रियांना पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून रोज दिला. इतरांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा दिला. बाळाचे वजन सरसकट वाढेल, ही आशा फोल ठरली. अगदी कृश मातांच्या बाळांत फरक दिसला नाही. ज्या बऱ्या अंगाच्या होत्या व ज्यांनी तीन महिने आधीपासून खाऊ घेतला, त्यांच्या बाळांत तो दिसला. गरोदरपणात होणाऱ्या मधुमेहाचे प्रमाण मात्र पालेभाजीच्या गटात बरेच कमी आढळले. यातून एवढे तरी कळते की, दवाखान्यात नाव नोंदविल्यावर ताट सुधारण्यास निघणे म्हणजे पेरणी झाल्यावर बियाणे निवडण्यासारखे आहे. ताट आधीच नीट असावयास हवे, आणि ते काम बाजाराचे व शेताचे आहे.

बाजाराची गोष्ट निघाली म्हणून दादरचा विचार करावा. स्थानकाच्या पश्चिमेस पहाटे जो भाजीबाजार भरतो, त्यात वसईकडची हिरवी भाजी येते, घाटावरची येते. सकाळी टवटवीत असलेली मेथीची जुडी उन्हे चढल्यावर मलूल होते आणि भाव कोसळतो. नेमकी त्याच वेळी कमी पैशात भागविणारी गिऱ्हाईक स्त्री ती विकत घेते. घरी नेल्यावर ती चिरून मग धुतली, खूप पाण्यात उकळली आणि ते पाणी टाकून दिले, तर फॉलिक आम्ल व क जीवनसत्त्व यांचा मोठा भाग मोरीत जातो. शेतापासून पातेल्यापर्यंत कोणत्या टप्प्यावर किती हानी होते, हे एका जुडीचा माग काढून मोजणे, हा पदव्युत्तर प्रबंधास पुरेसा विषय आहे. त्यास परदेशी निधी लागत नाही. पहाटे उठण्याची तयारी लागते.

गिरणगावातील खाणावळींचाही असाच अभ्यास व्हावयास हवा होता. एकट्याने राहणाऱ्या गिरणी कामगाराला डबा पुरविणाऱ्या बाया हीच त्या वस्तीची खरी अन्नव्यवस्था होती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने या बायांना संघटित केले व त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या आणि अनेक घरांच्या चुलीचे गणित बदलले. त्या डब्यात डाळ किती होती, भाजी आठवड्यातून कितीदा होती, कामगारांच्या मुलांच्या अंगावर त्याचा कोणता परिणाम दिसला, हे सांगू शकणाऱ्या वृद्धा आता थोड्याच उरल्या आहेत. हे काम लवकर हाती घेतले नाही, तर पुढे ते करताच येणार नाही.

या विचारावर शेतकऱ्याचा एक रास्त आक्षेप आहे, तो टाळू नये. कडधान्य व पालेभाजी पौष्टिक असेल, पण भाव मिळत नसेल तर ती का पिकवावी? शहराच्या रक्तक्षयाचा भार एकट्या शेतकऱ्याने का वाहावा? तो वाहू नये, हेच उत्तर आहे. वालाला किंवा लोहयुक्त बाजरीला केवळ गुणवत्तेच्या नावाने बाजारात अधिक दाम मिळत नाही, कारण ती गुणवत्ता डोळ्यांना दिसत नाही. अंगणवाडीचा आहार, शाळेतील माध्यान्ह भोजन, सरकारी रुग्णालयांची स्वयंपाकघरे येथे अशा धान्याची ठरलेल्या भावाने खरेदी होईल, तेव्हाच पेरा वाढेल. परळच्या परिसरात केईएमसह किती मोठी रुग्णालये आहेत, हे पाहिले म्हणजे एका वस्तीतील रुग्णांच्या जेवणालाही किती डाळ लागत असेल, याची कल्पना येते. अशा खरेदीसाठी पुरावा लागतो आणि तो पुरावा तयार करणे हे संशोधक विद्यार्थ्यांचे काम आहे.

म्हणून कृषी विद्यापीठांतील पदव्युत्तर विद्यार्थ्याला एक हंगाम मुंबईतील आहारशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणि सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याला एक हंगाम शेतावर काढावयास लावावे. प्रबंधाचा सारांश मराठीत, चार पानांत, जेथून दाणा आणला त्या गावच्या ग्रामपंचायतीस आणि जेथील रक्त तपासले त्या वस्तीस पोचविणे सक्तीचे करावे. विल्स यांचा निबंध लंडनला छापला गेला. ज्या बायांच्या बोटातून रक्त घेतले गेले, त्यांच्या नाती आजही लालबागच्या बाजारात भाजी निवडत असतील.

रायगडातील शेतकरी बंधूंनी या बाबतीत विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. यंदा वाल काढताना वाणवार वेगळी मळणी करून प्रत्येकी दोन किलो दाणे, वाणाचे नाव, पेरणीची तारीख व जमिनीचा प्रकार लिहिलेल्या चिठ्ठीसह कोरड्या डब्यात ठेवावेत आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात त्याची नोंद द्यावी. तपासणारा विद्यार्थी आला, तर त्याला विचारण्याची पहिली गोष्ट डब्यावर लिहिलेली असेल.