ऐनवेळी कच खातो, हे ठरवायचे कसे?

सचिन तेंडुलकरने २०१३ साली क्रिकेटमधून निवृत्ती घेतली. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्याला मैदानावर खेळताना पाहिलेले नसेल. तरीही त्याच्याविषयीचा एक जुना वाद तुमच्या कानांवर नक्की आला असेल. ओझरला विघ्नहराच्या देवळाजवळच्या चहाच्या टपरीवर बसा, नाहीतर नारायणगावच्या एस.टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत उभे राहा, क्रिकेटचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतोच, "सचिन मोठा खरा, पण ऐनवेळी कच खायचा." लगेच दुसरा उसळतो, "आणि शारजा विसरलास काय?" मग गाडी येईपर्यंत वाद चालू राहतो आणि गाडी आली की अर्धवट सुटतो.

हा वाद वर्षानुवर्षे का सुटत नाही? माझे मत असे आहे, की दोन्ही बाजू पुरावा म्हणून जे पुढे करतात तो मुळी पुरावाच नसतो. ती असते आठवण. आणि आठवण ही शास्त्राच्या दृष्टीने फार लबाड साक्षीदार आहे.

दोन्ही बाजूंच्या आठवणी पाहू या. पहिली बाजू सांगते, २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो ४ धावांवर बाद झाला आणि २०११ च्या अंतिम सामन्यात १८ धावांवर. दुसरी बाजू सांगते, १९९८ साली शारजाला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १४३ धावा काढल्या आणि दोनच दिवसांनी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, अंतिम सामन्यात १३४. शिवाय १९९३ च्या नोव्हेंबरात कोलकात्याला हिरो चषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ६ धावा हव्या होत्या. वीस वर्षांच्या सचिनने चेंडू हातात घेतला, फक्त ३ धावा दिल्या आणि भारत २ धावांनी जिंकला.

या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. अडचण अशी, की प्रत्येकाने आधी मत बनवले आणि मग त्याला शोभतील ते सामने वेचले. टोपलीतले नासके आंबे तेवढे वर काढले तर सगळी टोपली नासकी वाटेल. गोड आंबे वेचले तर सगळी गोड वाटेल. खरी परीक्षा करायची तर कोणते सामने 'दबावाचे' मानायचे हे धावफलक पाहण्याच्या आधी ठरवायला हवे आणि मग त्यातले सगळेच्या सगळे मोजायला हवेत.

तसे मोजले तर काय दिसते? एकदिवसीय स्पर्धांचे सगळे अंतिम सामने घेऊ. सचिन असे ४० सामने खेळला. त्यांत त्याने ६ शतकांसह १८५१ धावा केल्या आणि त्याची सरासरी ५४.४४ पडली. सगळ्या एकदिवसीय सामन्यांतली त्याची सरासरी ४४.८३ आहे. म्हणजे अंतिम सामन्यांत ती उतरलेली नाही, उलट चढलेली आहे! विश्वचषकाचे दोन अंतिम सामने मात्र आपल्या मनात असे ठसले आहेत, की बाकीचे अडतीस त्यांच्यामागे झाकले गेले.

त्या दोन सामन्यांचेही एक साधे गणित करून पाहा. समजा, एखादा उत्तम सलामीचा फलंदाज दहा डावांपैकी चार डावांत वीसच्या आत बाद होतो. त्याच्या मनावर कसलाही दबाव नाही असेही समजा. तर ठरावीक दोन डावांत तो दोन्ही वेळा वीसच्या आत बाद होण्याची संभाव्यता किती? ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ०.१६, साधारण सहात एक. फासा टाकला आणि एक पडला, तर आपण 'फासा घाबरला' असे म्हणत नाही. मग दोन डावांवरून माणूस घाबरला असे कशावरून म्हणायचे?

आता पहिल्या बाजूचा एक जरा वजनदार मुद्दा घेऊ. कसोटी सामन्यांत सचिनची एकूण सरासरी ५३.७८ आहे, पण चौथ्या डावात, म्हणजे सामन्याचा निकाल लागायच्या वेळी, ती ३७ च्या आसपास उतरते. हा फरक लहान नाही. पण शास्त्राचा विद्यार्थी येथे लगेच एक प्रश्न विचारील : कोणाच्या तुलनेत? चौथ्या डावापर्यंत खेळपट्टी चार-पाच दिवस तुडवलेली असते. तिला भेगा पडतात, चेंडू जास्त वळतो, एखादा खाली राहतो. त्यामुळे चौथ्या डावात जवळजवळ सर्वच फलंदाजांची सरासरी खाली येते. ब्रायन लारा हा सचिनचा समकालीन आणि 'सामना जिंकून देणारा' म्हणून गाजलेला. त्याची एकूण सरासरी ५२.८८, चौथ्या डावातली मात्र ३५ च्या आसपास, म्हणजे सचिनपेक्षा किंचित कमीच. अर्थात सगळेच सारखे उतरतात असे नाही. आपल्या सुनील गावसकरांची चौथ्या डावातली सरासरी ५० च्या वर आहे. १९७९ साली ओव्हलला त्यांनी चौथ्या डावातच २२१ धावा केल्या. पण ज्यांच्यात तुलना करून आपण एकाला 'वाघ' आणि दुसऱ्याला 'कच खाणारा' ठरवले, ते दोघे या मोजपट्टीवर शेजारी शेजारीच उभे आहेत.

मग लाराचे नाव का झाले? १९९९ सालचे दोन सामने पाहा. जानेवारीच्या अखेरीस चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध भारताला जिंकायला २७१ धावा हव्या होत्या. ८२ धावांवर अर्धा संघ बाद झाला असताना, पाठीच्या वेदना सोसत सचिनने १३६ धावा केल्या. तो बाद झाला तेव्हा फक्त १७ धावा उरल्या होत्या. उरलेले तीन गडी ४ धावांत बाद झाले आणि भारत १२ धावांनी हरला. दोनच महिन्यांनी बार्बाडोसला लाराने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १५३ धावा केल्या आणि ३०८ धावांचे लक्ष्य एक गडी राखून गाठले. तेथे शेवटचा गडी कोर्टनी वॉल्श शून्यावर नाबाद उभा राहिला होता. वॉल्शचा त्रिफळा उडाला असता तर लाराची खेळी काही कमी दर्जाची झाली नसती, पण आपण तिला हार म्हणून लक्षात ठेवले असते. सामन्याचा निकाल अकरा जण मिळून लावतात. त्या निकालावरून एकाच्या मनाचा धीर मोजता येत नाही. याच चेन्नईला २००८ च्या डिसेंबरात ३८७ धावांचा पाठलाग करताना सचिन नाबाद १०३ वर उभा राहिला आणि भारत जिंकला. नऊ वर्षांत त्याचा धीर वाढला म्हणायचे, की त्याच्या जोडीला युवराज सिंग टिकला म्हणायचे?

याचा अर्थ दबाव नावाची गोष्टच नाही, असा मात्र करू नका. छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, तोंड कोरडे पडते. यात अ‍ॅड्रिनलिन या संप्रेरकाचा वाटा असतो. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांना हलके-भारी विजेचे झटके देऊन शिकवले. सोपे काम उंदीर जोराच्या झटक्याने लवकर शिकले. अवघड काम मात्र मध्यम झटक्यानेच चांगले शिकले. थोडा ताण माणसालाही जागा करतो. अवघड कामात तो फार वाढला तर घोटाळा होतो.

बास्केटबॉलमध्ये तर दबाव मोजायची सोय आयतीच आहे. फ्री थ्रो घेताना आडवे कोणी येत नाही, अंतर तेच, टोपलीची उंचीही तीच. बदलते ती फक्त सामन्याची वेळ. अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यांतले हजारो फ्री थ्रो अभ्यासकांनी तपासले. अटीतटीच्या शेवटच्या क्षणी यशाचे प्रमाण थोडे घटते, असे त्यांना आढळले. पण हे दिसले ते असंख्य खेळाडूंचे फेक एकत्र केल्यावर. एकट्या खेळाडूच्या वाट्याला असे क्षण इतके थोडे येतात, की तो कच खातो की नाही हे छातीठोकपणे सांगणे कठीण होते.

हे नीट समजून घ्यायचे असेल तर ओझरहून खोडदच्या दुर्बिणीकडे एक चक्कर मारा. तेथे आणि आजूबाजूच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. दूरच्या दीर्घिकेकडून येणारी रेडिओ लहर इतकी क्षीण असते, की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत ती बुडून जाते. शास्त्रज्ञ काय करतात? क्षणभर ऐकून निर्णय देत नाहीत. तासन् तास नोंदी घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. खरखर कधी वर, कधी खाली अशी स्वैर असते, म्हणून सरासरीत ती विरत जाते. खरा संदेश मात्र टिकतो. चौपट वेळ ऐकले तर खरखर निम्मी होते. खेळाडूचा धीर हा असाच क्षीण संदेश आहे आणि एकेका सामन्याचा निकाल ही खरखर आहे. दोन सामने पाहून निर्णय देणारा माणूस दोन क्षण खरखर ऐकून 'मला तारा सापडला' म्हणणाऱ्यासारखाच.

तुम्ही म्हणाल, सचिनचे यात काय बिघडले? त्याची १०० आंतरराष्ट्रीय शतके कोणी पुसू शकत नाही. खरे आहे. पण हाच शिक्का आपण वर्गातही मारतो. कबड्डीच्या शेवटच्या चढाईत एक मुलगी एकदा पकडली गेली, की "ही ऐनवेळी घाबरते" असे ठरते. एखादा मुलगा शिष्यवृत्तीच्या परीक्षेत एकदा मागे पडला, की "घरी सगळे येते, परीक्षेत काही येत नाही" असे सर्वांना वाटू लागते. सचिनला शिक्का मारला तरी पुढचा सामना खेळायला मिळत होता. या मुलीला मात्र शेवटची चढाई पुन्हा कोणी देत नाही. मग शिक्का चुकीचा होता हे कळायचे कसे? पुरावा गोळा होण्याची वाटच आपण बंद केलेली असते! शिक्षकांना माझी विनंती आहे, की असा निर्णय देण्यापूर्वी किती वेळा पाहिले ते वहीत मोजून पाहावे. आकडा एक किंवा दोन असेल, तर त्या मुलीला पुन्हा संधी द्यावी; तीही एकदा नव्हे, अनेकदा.

शेवटी एक प्रयोग. मैदानात एकच स्टंप रोवा आणि दहा मीटरवरून चेंडू मारा. ५० फेकी एकट्याने, ५० फेकी सगळा वर्ग आरडाओरडा करीत असताना. कोणती फेक कशी घ्यायची हे नाणेफेकीने ठरवा, म्हणजे शेवटी शेवटी येणारा थकवा दोन्हीकडे सारखा वाटला जाईल. तुमची एकाग्रता टिकेल की नाही, याचा अंदाज आधीच कागदावर लिहून ठेवा. पण ध्यानात ठेवा, ५० पैकी सरासरी २० फेकी लागणाऱ्या मुलाच्या केवळ योगायोगानेही कधी १५ लागतात, कधी २५. म्हणून एका मुलाच्या आकड्यावर न थांबता सगळ्या वर्गाचे आकडे एकत्र करा आणि मगच बोला. पुढच्या वेळी कोणी "तो कच खातो" असे म्हणाले, तर भांडू नका. एवढेच विचारा : "किती वेळा पाहिलेस, आणि कोणाशी ताडून पाहिलेस?"