आधी काटा, मग रॅक

बर्फ वितळलं, नळांतलं गुलाबी अँटीफ्रीझ धुऊन निघालं, स्लाइडच्या रबरांची निगा राखून झाली. आता घरोघरी एकच वाद शिल्लक आहे: सायकली कुठे बांधायच्या? रॅक कोणता घ्यावा याचे सल्ले रगड मिळतात. तो लागणार कुठे आणि तिथलं लोखंड किती पेलणार, हे मात्र बहुतेक जण रॅकचं खोकं घरी येऊन पडल्यावर विचारतात. फिफ्थ व्हील ओढणाऱ्या आपल्या वाचकांना हा उलटा क्रम परवडणारा नाही.

आपली अडचण मुळातच वेगळी आहे. साधा बंपर-पुल ट्रेलर ओढणाऱ्याच्या ट्रकचा हौदा मोकळा असतो. चार सायकली त्यात उभ्या केल्या, पट्टे आवळले, की तो निघाला. आपण मात्र तो हौदा हिचला देऊन बसलो. उरतं काय, तर ट्रकचं नाक, कॅबचं छप्पर, कॅब आणि हिच यांच्यामधली चिंचोळी जागा आणि पार तिकडे ट्रेलरचं शेपूट. गंमत म्हणजे या जोडणीच्या आद्य पुरुषांपैकी एक चक्क सायकलवाला होता. ग्लेन कर्टिसचं नाव विमानांमुळे राहिलं, पण न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्टमध्ये त्याची सुरुवात झाली ती सायकलच्या दुकानापासून. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्याने ‘एअरोकार’ नावाचा ट्रेलर काढला आणि त्याचा पुढचा भार मोटारीच्या पाठीवर घेतला. सायकली कुठे टांगायच्या, हे सांगायचं मात्र तो विसरला.

तेव्हा हिशेब आपणच करू. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचा स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांपेक्षा जास्त नको. जाहिरातीत छापतात ती ओढण्याची क्षमता वेगळी. आपल्याला नडतो तो हा स्टिकर. समजा, त्यावर ३,००० पाउंड लिहिले आहेत. नवरा-बायको आणि दोन वाढत्या वयाची मुलं यांचे ६०० धरा. हिचचे १५०. हत्यारांची पेटी, कूलर, जळाऊ लाकूड आणि आपल्या मंडळींचा तो ठरलेला तांदूळ-पिठाचा डबा, कुकर, कढई हे सगळं मिळून आणखी १५०. राहिले २,१००. ट्रेलर भरल्यावर १०,५०० पाउंडांचा असेल आणि त्याचा २० टक्के भार किंगपिनवर येत असेल, तर तो बरोबर २,१०० होतो. म्हणजे सायकलीचं नाव काढण्याआधीच ट्रक भरला.

आता दोन ई-बाइक आणि रॅक मिळून २०० पाउंड आले. हा आकडा फुगवलेला नाही. जाड टायरची एकेक ई-बाइक ७० पाउंडांच्या पुढे जाते आणि ती पेलणारा रॅकही हलका नसतो. हे २०० पाउंड ट्रकवर कुठेही ठेवले, नाकावर, छपरावर वा हौद्यात, तरी स्टिकरच्या वर गेलेच. नाकावर ठेवले तर मागच्या ॲक्सलला थोडा आराम मिळतो हे खरं. व्हीलबेस १६० इंच आणि रॅक पुढच्या ॲक्सलपासून ४८ इंच पुढे धरला, तर पुढच्या ॲक्सलवर २६० वाढतात आणि मागच्यावरचे ६० उतरतात. पण एकूण बेरीज तेवढीच राहते.

तेच २०० पाउंड ट्रेलरच्या मागे लावले तर? किंगपिनपासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंत १८ फूट आणि ॲक्सलपासून रॅकपर्यंत १२ फूट धरू. मागचं ओझं पिन वर उचलतं. इथे १३३ पाउंड उचलेल. ट्रकला तेवढी सवलत मिळाली. पण ती सवलत आणि सायकलींचं स्वतःचं वजन, दोन्ही मिळून ३३३ पाउंड ट्रेलरच्या ॲक्सलवर जातात. आपल्या नमुन्यातल्या ट्रेलरच्या ॲक्सलवर आधीच ८,४०० आहेत. ४,४०० पाउंडांचे दोन ॲक्सल असतील तर कमाल ८,८००. शिल्लक ६७. त्यात कोणी ५० गॅलनची पाण्याची टाकी भरून निघालं तर ४०० पाउंडांहून जास्त वजन वाढतं. मग टायर, स्प्रिंगा आणि बेअरिंग यांच्या वाट्याला जे यायचं ते येतं. पिनवरचा भार १८ टक्क्यांच्या आसपास राहतो, त्यामुळे ट्रेलर झुलेल ही भीती या उदाहरणात तरी अनाठायी आहे. फिफ्थ व्हीलचा पिन ट्रकच्या मागच्या ॲक्सलच्या जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून मागच्या वजनाने तो बंपर-पुलइतका सहज शेपूट हलवत नाही. आपल्याकडे आधी दुखतं ते ॲक्सल आणि वेल्डिंग.

हे सगळे आकडे नमुन्याचे. तुमचे आकडे ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर मिळतील. आयोवातल्या वॉलकॉट इथली कॅट स्केल कंपनी १९७७ पासून हेच करते आहे. काट्याच्या तीन फळ्या असतात: ट्रकचा पुढचा ॲक्सल एकीवर, मागचा दुसरीवर, ट्रेलरचे ॲक्सल तिसरीवर. एकदा जोडगाडी तोला, मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक तोला. ट्रकच्या दोन वजनांतला फरक म्हणजे तुमचा खरा पिनभार. सायकली, पाणी, माणसं, सगळं प्रवासाला निघाल्यासारखं भरलेलं हवं. घरासमोर रिकामा ट्रेलर तोलून समाधान मानणारे काही सज्जन आहेत, त्यांच्याशी वाद घालणं आम्ही सोडून दिलं आहे.

आता जागा एकेक करून पाहू. काही पटकन निकालात निघतात. ट्रेलरच्या मागच्या शिडीवर सायकल टांगणं बंद करा. ती शिडी माणसाला छपरावर चढण्यासाठी आहे, तिचे स्क्रू पातळ पत्र्यात आणि आतल्या बारीक चौकटीत बसवलेले असतात, आणि ई-बाइक तर तिथे नावालाही नको. कॅबच्या छपरावर उंचीचा प्रश्न नाही, कारण मागचा ट्रेलर त्याहून उंच असतोच. पण चार चाकांना जोर असलेल्या उंच ट्रकवर ६० पाउंडांची सायकल चढवायला पैलवान लागतो. शिवाय ट्रेलर सोडून गावात गेलं की वर सायकली आहेत हे विसरायला होतं, आणि मग ड्राइव्ह-थ्रूच्या छताची आणि सायकलींची गाठ पडते. हौद्यात कॅबला लागून सायकली आडव्या लावायच्या असतील तर ८ फुटी हौदा हवा. साडेसहा फुटी हौद्यात वळताना ट्रेलरचं नाक त्याच जागेवर येतं आणि हँडलबार त्यात घुसतात. मोकळ्या पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंनी पुरतं वळून पाहिल्याशिवाय, आणि बाहेर कोणी तरी उभं राहून बघत असल्याशिवाय, या जागेवर भरवसा ठेवू नका. घडीच्या सायकली असतील तर सोन्याहून पिवळं. कॅबच्या मागच्या सीटखाली किंवा ट्रेलरच्या पासथ्रूत त्या बसतात आणि वाद मिटतो.

ट्रकच्या नाकावरचा रॅक बऱ्याच जणांना आवडतो, कारण सायकली डोळ्यासमोर राहतात. त्या जरा जास्तच समोर राहतात, हीच अडचण आहे. दिव्यांचा झोत अडतो, पुढची नंबरप्लेट सक्तीची असलेल्या राज्यांत ती झाकली जाते, आणि नव्या ट्रकच्या जाळीतला रडार सायकलीची चाकंच पाहत बसतो, मग क्रूझ कंट्रोल भलतंसलतं वागू लागतं. मोठा धोका हवेचा. कोलोरॅडोत आय-७० वरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना, ११,००० फुटांच्या वर, विरळ हवेत, पाठीशी पाच टनांचं घर घेऊन इंजिन आधीच धापा टाकत असतं. तिथे रेडिएटरसमोर दोन जाड टायर आणि वर सायकलीचं ताडपत्री कव्हर! सपाट मुलखात चालून जाईल. डोंगराळ मार्ग असेल तर आमचा सल्ला नको असाच आहे.

राहिलं शेपूट. इथे थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त सायकली इथेच लागतात आणि सगळ्यात जास्त सायकली हायवेवर इथूनच सांडतात.

ट्रेलरच्या मागचा चार इंची चौकोनी नळ आपण बंपर म्हणून ओळखतो. पातळ पत्र्याचा हा नळ बहुतेक ट्रेलरांत सांडपाण्याची होज ठेवण्याच्या कामी येतो, आणि त्याची खरी लायकी तेवढीच. मिसुरीत सेडेलियाजवळच्या एका कॅम्पग्राउंडवर शेजारच्या जागेत एक मराठी कुटुंब उतरलं होतं. कॅटी ट्रेलवर फिरायला आलेले. नदीकाठच्या जुन्या रेल्वेमार्गावरची ही सुमारे २४० मैलांची वाट सायकलस्वारांची लाडकी आहे. त्यांच्या बंपरवर चार सायकली टांगलेल्या, शिवाय त्याच नळावर स्टेपनी. “अहो, तीन वर्षं चाललंय की,” काका म्हणाले. आम्ही शेवटच्या सायकलीच्या सीटवर नुसता हात टेकला, तर नळ अंगठ्याभर खाली फिरला आणि हात काढल्यावर परत वर आला. फ्रेमला जिथे नळ जोडला होता तिथे वेल्डिंगच्या कडेने रंग उकलला होता, आणि त्याखाली केसाएवढी तांबूस रेघ. काकूंनी ती बोटाने पुसून पाहिली. पुसली गेली नाही. परतीच्या प्रवासात सायकली ट्रेलरच्या आत, सोफ्यावर जुनी चादर टाकून गेल्या.

हे होतं कसं? ट्रेलर रस्त्यावर ॲक्सलभोवती खालीवर डोलत असतो, आणि ॲक्सलपासून जितकं मागे जाल तितका झोका मोठा. काँक्रीटच्या हायवेचा प्रत्येक सांधा शेपटाला एक उसळी देतो. उभ्या गाडीत २०० पाउंड असलेलं ओझं त्या उसळीत कितीतरी पट जोराने खाली येतं, तेही दिवसभर. कारच्या मागे वर्षानुवर्षं इमानाने चाललेला रॅक इथे एका उन्हाळ्यात मोडतो तो यामुळेच. म्हणून अनेक रॅकच्या माहितीपत्रकात ट्रेलरवर वापरू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि काही बनवणारे ट्रेलरसाठी भारक्षमता कमी करून सांगतात. ते पान वाचा. वॉरंटीचा दावा नाकारताना दुकानदार तेच पान पुढे करतो.

आमचं मत विचाराल तर असं: फ्रेमच्या दोन्ही मुख्य दांड्यांना नीट जोडलेला दोन इंची रिसीव्हर, त्यात ट्रेलरसाठी मान्यता असलेला, चाकं तबकात ठेवणारा रॅक, आणि त्यावर दोनच सायकली. दांड्याला लटकवायचे रॅक ई-बाइकला नकोत. बऱ्याच ई-बाइकांना वरचा दांडाच नसतो. बॅटऱ्या काढून आत ठेवा, प्रत्येकी सात-आठ पाउंड वाचतात आणि पावसापासूनही त्या सुरक्षित राहतात. रिसीव्हरमधली खडखड थांबवणारा बोल्ट आवळलेला हवा. रॅकपासून ट्रेलरच्या दोन कोपऱ्यांकडे तिरपे दोन पट्टे ताणा, कॅम-बकलचे. रबरी बंजीने काहीही आवरत नाही. पहिल्या पन्नास मैलांनंतर थांबून सगळं पुन्हा हाताने हलवून पाहा. मुलांच्या हलक्या सायकली आत जाऊ द्या.

हे झाल्यावरही मागचे दिवे, नंबरप्लेट आणि मागचा कॅमेरा झाकला जात नाही ना, हे पाहायचं राहतं. मागे स्लाइड असेल तर ती उघडताना सायकलींना लागते का तेही. पेट्रोल पंपाच्या चढावर रॅकचं टोक जमिनीला घासतं. कॅलिफोर्नियात जोडगाडीची कमाल लांबी ६५ फूट आहे. ४० फुटी ट्रेलर, क्रू-कॅब ट्रक आणि मागे रॅक ही बेरीज त्या आकड्याच्या फार जवळ पोचते. ट्रेलर सोडला म्हणजे सुटलो असंही नाही. ग्लेशिअर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर अ‍ॅव्हलांचच्या पुढच्या डोंगरी टप्प्यात बंपरांसकट २१ फुटांहून लांब वाहन चालत नाही. क्रू-कॅब ट्रक स्वतःच त्या मर्यादेला टेकलेला असतो. नाकावर वा मागे सायकली लावून तिथे जाऊ नका.

आणि न्यायच्या का, हाही प्रश्न विचारून पाहावा. मेनमधल्या अ‍ॅकेडियात रॉकफेलरने बांधलेल्या ४५ मैलांच्या कॅरेज रोडवर फक्त पहिल्या वर्गाच्या, म्हणजे पेडल मारलं तरच जोर देणाऱ्या ई-बाइकना परवानगी आहे. थ्रॉटलवाली जड ई-बाइक तिथपर्यंत वाहून नेलेल्याला तिच्याकडे बघत कॅम्पमध्ये बसावं लागतं. मॅकिनॅक बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी, बेटाभोवतीचा आठेक मैलांचा रस्ता सायकलींसाठीच जणू केलेला, आणि भाड्याच्या सायकली धक्क्यावर उतरताच मिळतात.

ट्रेलर बनवणाऱ्यांकडेही आमची एक मागणी आहे. मागे रिसीव्हर बसवून देता, तर त्याच्या शेजारी तो किती पाउंड पेलतो याचा स्टिकर लावा. सायकली आणि रॅक दोन्ही धरून. काही जण लावतात. बाकीच्यांचे विक्रेते विचारल्यावर “सगळे लावतात हो सायकली” असं सांगून मोकळे होतात. या हंगामात नवा ट्रेलर घेणाऱ्यांनी सही करण्याआधी तो आकडा विक्री-करारावर लिहून घ्यावा, आणि लिहून मिळत नसेल तर तिथे सायकल लावता येत नाही असं धरून बाकीचा हिशेब करावा.