विज्ञानाच्या पुस्तकात हवेचा एक पाठ हवा

प्रति,
मा. संचालक आणि विज्ञान विषय समितीचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
सेनापती बापट मार्ग, पुणे.

विषय : श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूंच्या साथीवर शालेय विज्ञानात स्वतंत्र पाठ घेण्याबाबत.



मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात नवी पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत. एकदा छापलेले पुस्तक पुढची कित्येक वर्षे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मुलांच्या दप्तरात राहते, म्हणून वरच्या इयत्तांच्या पुस्तकांवर शेवटचा हात फिरण्याआधीच ही विनंती करत आहे. आठवी किंवा नववीच्या विज्ञानात श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूंवर एक संपूर्ण पाठ असावा. त्यात मुलांच्या हाती नुसती सूचनांची यादी देऊ नये, साथ पसरते कशी हे समजावून सांगावे. सूचना प्रत्येक साथीत बदलतात. कारण कळलेले मूल मात्र नव्या साथीतही स्वतःचे डोके वापरून वागू शकते.

संसर्गजन्य रोग आपण आजवर बहुतेक तक्त्यातून शिकवत आलो. रोगाचे नाव, रोगकारक, प्रसाराचे माध्यम, लक्षणे, उपाय. मुले तक्ता पाठ करतात, क्षयापुढे ‘हवेमार्फत’ असे लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. पण ती ज्या वर्गात बसून हे लिहितात तो वर्ग पाहा. प्रोजेक्टरवरचे चित्र नीट दिसावे म्हणून खिडक्यांवर पडदे ओढलेले असतात. एका खिडकीपुढे जुन्या उत्तरपत्रिकांचे कपाट उभे असते, दुसरीची कडी गंजून बसलेली असते. पावसाची सर आली की उरलेल्याही लावून घेतल्या जातात. अशा खोलीत पन्नास मुले दिवसाचे कित्येक तास श्वास घेतात. पाठ केलेले उत्तर आणि ही खोली यांचा संबंध त्यांना कोणी जोडून दाखवत नाही. तो जोडून दाखवणे हे या पाठाचे काम आहे.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत घराघरांत हेच झाले. लोकांनी भाज्या सोड्याच्या पाण्यात बुडवल्या, दुधाच्या पिशव्या पुसल्या, वर्तमानपत्र बंद केले. रस्त्यांवर औषध फवारले गेले. लोक निष्काळजी मुळीच नव्हते, जीव तोडून काळजी घेत होते. पण त्यातली बरीचशी काळजी वस्तूंवर खर्च झाली आणि बंद खोलीतली हवा ही विषाणूची मुख्य वाट तशीच मोकळी राहिली.

पाठाची सुरुवात विषाणूपासून व्हावी. कोविड-१९ घडवणारा विषाणू सुमारे ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. जिवंत पेशीबाहेर त्याला वाढता येत नाही. अंगावरच्या काट्यांसारख्या प्रथिनांनी तो आपल्या श्वसनमार्गातल्या पेशींना चिकटतो, आत शिरतो आणि त्या पेशींकडूनच आपल्या असंख्य प्रती करून घेतो. प्रती काढताना चुका होतात. त्यातूनच डेल्टा आणि ओमायक्रॉनसारखे नवे प्रकार निपजले. विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबणाने ते फुटते, म्हणून हात धुण्याला अर्थ आहे. शिवाय विषाणू म्हणजे जिवाणू नव्हे. त्यामुळे अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नाही. साध्या सर्दी-तापासाठी मेडिकलमधून चार अँटिबायोटिक गोळ्या आणायची सवय किती घरांत आहे, हे आपण जाणताच. ती मोडायची तर कारण आठवीच्या मुलालाच सांगायला हवे.

पुढे प्रसार. आपण बोलतो, गातो, खोकतो, अगदी नुसता श्वास सोडतो तेव्हाही नाकातोंडातून कण बाहेर पडतात. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. सूक्ष्म कण मात्र बराच वेळ तरंगत राहतात, बंद खोलीत साचत जातात आणि पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाच्या श्वासातही जातात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी स्कॅजिट व्हॅलीतल्या एका गायकवृंदाचा सराव झाला. अडीच तासांच्या त्या सरावाला ६१ जण हजर होते. पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या ५३ जणांना आजार झाला किंवा झाल्याची दाट शक्यता आढळली. दोघे दगावले. नुसत्या हस्तांदोलनाने किंवा जवळून उडालेल्या थेंबांनी एवढी माणसे एका संध्याकाळी आजारी पडणे कठीण. त्या खोलीतली हवाच सगळ्यांनी वाटून घेतली होती.

विज्ञान पुढे कसे जाते, हेही मुलांना याच ठिकाणी दाखवता येईल. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमांवर ठामपणे सांगितले होते की कोविड हवेतून पसरत नाही. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी पुरावे मांडून या भूमिकेला जाहीरपणे हरकत घेतली. २०२१ मध्ये संघटनेच्या मार्गदर्शनात हवेतून होणाऱ्या प्रसाराचा स्पष्ट उल्लेख आला. मोठ्या संस्थेचे म्हणणेही पुराव्यापुढे बदलते, आणि पुरावा गोळा व्हायला वेळ लागतो, तेव्हा सावधगिरी आधी बाळगायची, हे दोन्ही मुलांनी शाळेतच शिकावे.

हे सगळे नुसते वाचून पटत नाही, म्हणून पाठात एक कृती हवी. वर्गाची दारे-खिडक्या लावायची, पंखा बंद ठेवायचा आणि एका कोपऱ्यात उदबत्ती पेटवायची. वर्गात दम्याचे मूल असेल तर उदबत्तीऐवजी संत्री सोलायची. वास आला की ज्याने-त्याने हात वर करायचा आणि एका मुलाने फळ्यावर वेळ मांडायची. पहिल्या बाकावरचा हात लगेच वर जातो, शेवटच्या बाकावरचा थोड्या वेळाने, पण जातोच. मग पंखा लावायचा. वास सगळीकडे लवकर पोचतो, जात मात्र नाही. शेवटी समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या आणि वास किती वेळात विरतो ते मोजायचे. अंतर ठेवल्याने थोडा वेळ मिळतो, पंखा हवा फिरवतो पण बदलत नाही आणि आमनेसामने खिडक्या उघडल्या की हवा खरोखर बदलते, हे तासाभरात मुलांच्या डोळ्यांसमोर येते. खासगी क्लासमधला स्प्लिट एसीसुद्धा खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. एकच खिडकी असलेल्या खोलीत टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला तर कोंदट हवा बाहेर जाते, ही युक्तीही त्यांना स्वतःच सुचते.

ज्या शाळांना परवडेल त्यांच्यासाठी कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या यंत्राचा उपक्रम द्यावा. मोकळ्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम (दर दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, आपल्या उच्छ्वासात त्याच्या जवळपास शंभरपट. वर्गातला आकडा चढत गेला, तर आपण एकमेकांनी सोडलेला श्वास घेतो आहोत असे समजायचे. ८०० च्या आसपास राहिला तर हवा खेळती आहे. मुले हा आकडा दर तासाला वहीत मांडतील, आलेख काढतील. विज्ञान आणि गणित दोन्ही त्यात आले.

संरक्षणाच्या उपायांचे कारणही असेच सांगावे. मास्क हा चाळणीसारखा काम करत नाही. एन-९५ मास्कच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो. अतिसूक्ष्म कण हवेत सरळ रेषेत न जाता थरथरत जातात, धाग्यांवर आदळतात आणि तिथेच अडकतात. अडवायला सर्वांत अवघड असे, सुमारे ०.३ मायक्रॉनचे कणही त्यात किमान ९५ टक्के अडतात. म्हणूनच हा मास्क धुवायचा नसतो, धुतला की तो भार जातो. नाकावरची पट्टी दाबून बसवली नाही आणि गालाशी फट राहिली, तर हवा त्या फटीतूनच आत येते. झडप असलेला मास्क आपल्या उच्छ्वासापासून दुसऱ्याला वाचवत नाही. नाकाखाली उतरवलेला मास्क कोणालाच वाचवत नाही. दवाखान्याच्या गर्दीत, भरलेल्या एसटीत, घरात कोणी आजारी असताना कोणता मास्क कसा लावायचा, याची आकृती पुस्तकात असावी.

लसीबद्दल स्वच्छ शब्दांत लिहावे. देशात १६ जानेवारी २०२१ रोजी कोविडचे लसीकरण सुरू झाले. लस घेतल्यावर संसर्ग कधीच होत नाही असे नाही, पण आजार गंभीर होण्याचा आणि मृत्यूचा धोका तिने खूप कमी होतो. लस शरीराला शत्रूची ओळख आधीच करून देते आणि विषाणू बदलला की ती ओळख नव्याने करून द्यावी लागते. फ्लूची लस वेळोवेळी का बदलते, याचे उत्तर यातच आहे.

आजारी असताना घरी थांबणे हाही प्रतिबंधच आहे. कोविडमध्ये लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो, म्हणून साथीच्या काळात धडधाकट दिसणाऱ्यांनीही खिडक्या आणि मास्क यांचा विचार करायचा. लक्षणे दिसल्यावर तर शाळेत येऊच नये. पण शंभर टक्के हजेरीचे बक्षीस मिळावे म्हणून अंगात ताप घेऊन मुले शाळेत येतात आणि आपण वार्षिक समारंभात त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो. आजारपणाची रजा हजेरीत कमीपणाची मानू नये, हे वाक्य शिक्षक-हस्तपुस्तिकेत ठळक छापावे. कोणाला लगेच दवाखान्यात न्यायचे, हेही मुलांना ठाऊक हवे. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळसर पडले असतील, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलत असेल किंवा ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली गेला असेल तर वाट पाहायची नाही. वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेह किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेले यांच्याकडे विशेष लक्ष द्यायचे. कित्येक घरांत मोबाइल बघता येणारे आणि ऑक्सिमीटर वाचता येणारे माणूस म्हणजे शाळेत जाणारे मूलच असते.

आणखी एक गोष्ट पाठात हवी. २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून गावी परतलेल्या माणसांना वेशीवर अडवले गेले, रुग्णांच्या घरांकडे बोटे दाखवली गेली. भीतीने लोक आजार लपवू लागतात आणि लपवलेला आजार जास्त पसरतो. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र शिकणाऱ्या मुलांना हेही शिकवू या की रुग्णाजवळ जाणे आणि स्वतःला सुरक्षित ठेवणे, दोन्ही आता एकाच वेळी शक्य आहे. योग्य मास्क आणि उघडी खिडकी यांमुळे आजारी आजीला घरातल्यांच्या हातून जेवण मिळू शकते.

हे काम पुण्यातून व्हावे असे मला मनापासून वाटते. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी याच शहरात घेतला, आणि ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोविड रुग्णही इथेच आढळले. १९५२ मध्ये स्थापन झालेली, आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था याच शहरात आहे. जगभर पोचलेली कोविडची कोविशील्ड लस याच शहरात तयार झाली. विषाणूंबद्दल एवढे ज्ञान ज्या शहरात आहे, तिथेच मुलांची पुस्तकेही तयार होतात. हे ज्ञान सोप्या मराठीत त्या पुस्तकांत उतरवणे अवघड नाही.

आणि हा पाठ पुढच्या महासाथीची वाट पाहत पडून राहणार नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि क्षयाचे जंतूही हवेतूनच पसरतात. गोवर तसाच, फ्लू तसाच. कोविडसाठी उघडलेली खिडकी या सगळ्यांसाठी उघडते.

म्हणून विनंती करते की आठवी किंवा नववीच्या विज्ञानात हा पाठ कृती आणि आकृत्यांसह घ्यावा, त्याच्या मसुद्यावर विषाणुतज्ज्ञांबरोबर छातीच्या आजारांचे डॉक्टर आणि वर्गावर शिकवणारे शिक्षक यांचेही मत घ्यावे, आणि शिक्षक-हस्तपुस्तिकेत वर्गातली हवा कशी तपासावी व सुधारावी याचे एक पान द्यावे. अभ्यासक्रमाची चौकट राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एससीईआरटी) ठरवते, तेव्हा या पत्राची प्रत त्यांनाही पाठवत आहे.

साथीमुळे प्राथमिकच्या मुलांची शाळा दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिली. त्या पिढीने एवढी मोठी किंमत मोजल्यावर त्यातून मिळालेले ज्ञान तिच्या हाती देणे हे आपले कर्तव्य आहे. मसुद्यासाठी, कृती वर्गात करून पाहण्यासाठी, दुरुस्त्यांसाठी माझ्यासारखे शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत तयार आहेत. आपण केव्हाही बोलवावे, आम्ही येऊ.

कळावे,
आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका